उणे २.५ ही रेघ कुणी मारली? हाडांच्या घनतेच्या तपासणीचा इतिहास

आजचा विषय तसा दवाखान्यातला आहे. तरी आम्ही तो इतिहासाच्या व्याख्यानमालेत घेतला, त्याला कारण आहे. हाडांच्या घनतेची तपासणी, म्हणजे बीएमडी किंवा डेक्सा स्कॅन, करून आलेली बाई घरी रिपोर्ट उघडते. त्यात एक आकडा असतो: उणे १.८, उणे २.६, असा काहीतरी. शेजारी हिरवा, पिवळा, लाल असा पट्टा आणि त्यावर एक ठिपका. ठिपका पिवळ्यात असला तरी झोप उडते. रक्तातली साखर मोजावी तसा हा आकडा थेट मोजलेला नसतो, तो तुलनेतून काढलेला असतो. तुलना कुणाशी करायची आणि रोग म्हणायची रेघ कुठे मारायची, हे माणसांनी एकत्र बसून ठरवलं आहे, आणि त्याला अजून ४० वर्षंही झालेली नाहीत.

म्हातारपणी हाडं मोडतात हे वैद्यकाला फार आधीपासून ठाऊक होतं. ‘ऑस्टिओपोरोसिस’, म्हणजे सच्छिद्र हाड, हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्ट्रासबर्गच्या लोबस्टाइन या डॉक्टरांनी रूढ केला. पण तेव्हा हाड आतून कसं आहे हे कळायचं ते शवविच्छेदनातच. १८९५ साली रंटगेननी क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाचं हाड दिसू लागलं. तरी प्रश्न सुटला नाही, कारण हाडातलं साधारण ३० टक्के खनिज निघून जाईपर्यंत साध्या एक्स-रेवर फरक नीट ओळखूच येत नाही. हे आजही तितकंच खरं आहे, तेव्हा गुडघ्याच्या एक्स-रेवर कुणी “हाडं छान आहेत” म्हणालं तर ती घनतेची तपासणी समजू नका.

१९४०च्या सुमारास बॉस्टनमध्ये फुलर ऑलब्राइट यांनी पाळी जाणं आणि मणके ठिसूळ होणं यांचा संबंध दाखवला. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडांची झीज वाढते हे कळलं. झीज किती, हे मात्र मोजता येत नव्हतं. एक्स-रे फिल्मवर हाडाशेजारी ॲल्युमिनियमची पायरीपायरीची पट्टी ठेवायची आणि हाडाची सावली कोणत्या पायरीशी जुळते ते बघायचं, अशी एक युक्ती होती. १९६५ साली अमेरिकेच्या जेमिनी यानांतून गेलेल्या अंतराळवीरांच्या टाचेची हाडं याच जातीच्या पद्धतीने तपासली होती. पद्धत ढोबळच. फिल्म जरा कमीजास्त धुतली गेली की उत्तर बदलायचं.

खरी उडी १९६३ची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन कॅमेरॉन आणि जेम्स सोरेन्सन यांनी फिल्मच काढून टाकली. किरणोत्सारी आयोडीनचा बारीक झोत हातातून आरपार सोडायचा आणि पलीकडे किती किरण पोचले ते यंत्राने मोजायचं. वाटेत जितकं खनिज जास्त, तितके पलीकडे किरण कमी. यात अडचण मांसाची आणि चरबीची, कारण तीही किरण अडवतात. म्हणून हात पाण्यात किंवा तशाच एखाद्या पदार्थात ठेवून सगळीकडची जाडी सारखी करावी लागे. मनगटाजवळ हे जमतं. पोटामागच्या मणक्यांना आणि खुब्याला कसं जमणार? आणि जीव जातो तो खुब्याच्या मोडण्याने.

त्यावरचा तोडगा शाळेतल्या गणितासारखा आहे: अज्ञातं दोन असतील तर समीकरणंही दोन हवीत. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे किरण सोडले की हाड त्यांना एका प्रमाणात अडवतं आणि मांस दुसऱ्या, मग दोघांचा हिशेब वेगळा काढता येतो. आधी त्यासाठी गॅडोलिनियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य वापरत. एका तपासणीला २० ते ४० मिनिटं लागत, शिवाय ते दिवसेंदिवस क्षीण होत जाई. १९८७ साली होलॉजिक कंपनीने त्याजागी एक्स-रेची नळी बसवली. तेच डेक्सा. काम काही मिनिटांवर आलं. किरणोत्सर्ग इतका कमी की एखाद्या दिवसात निसर्गातून आपल्याला मिळतो त्याच्या आसपास. किरणांच्या भीतीने डेक्सा टाळायचं काही कारण नाही. गरोदर बाईने मात्र आधी सांगायला हवं.

मोजता येऊ लागलं. पण किती म्हणजे कमी, हे कोण ठरवणार?

१९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यासगट रोममध्ये जमला. अध्यक्ष होते शेफील्डचे जॉन कॅनिस. अहवाल आला १९९४मध्ये. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगवेगळ्या देशांत ऑस्टिओपोरोसिस किती आहे हे एका मापाने मोजण्याचा होता. त्यांनी तरुण, निरोगी गोऱ्या स्त्रियांची सरासरी शून्य धरली. त्या तरुणींमध्ये आपापसांत जो फरक असतो त्याचं एक माप, म्हणजे प्रमाण विचलन, ही पायरी. अडीच पायऱ्या खाली किंवा त्याहून खाली तो ऑस्टिओपोरोसिस. या रेषेखाली पाळी गेलेल्या सुमारे ३० टक्के गोऱ्या स्त्रिया येत होत्या, आणि त्यांच्यात उरलेल्या आयुष्यात हाड मोडण्याची शक्यताही साधारण तेवढीच होती. आकडे जुळले, रेघ ठरली. उणे २.४ला हाड शाबूत आणि उणे २.५ला ठिसूळ, असं शरीरात कुठेच काही घडत नाही.

त्याच बैठकीने उणे १ ते उणे २.५ या पट्ट्याला ‘ऑस्टिओपिनिया’ म्हटलं. आता गंमत बघा. सरासरीपासून एक पायरी खाली म्हटलं की संख्याशास्त्राच्या नियमानेच ठणठणीत तरुणींपैकी सुमारे १६ टक्के त्या रेषेखाली जातात. म्हणजे हा काही रोग नव्हे, आलेखातला एक पट्टा आहे. पण नाव ग्रीक मिळालं आणि रिपोर्टवर ते निदानासारखं दिसू लागलं.

पुढे जे झालं त्यात बाजाराचा हात आहे. १९९५ साली मर्क कंपनीच्या फोसामॅक्स, म्हणजे अलेंड्रोनेट, या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. औषध विकायचं तर निदान व्हायला हवं, आणि निदानाला यंत्रं हवीत. स्वस्त, छोटी यंत्रं डॉक्टरांच्या खोलीत पोचावीत म्हणून मर्कनेच एक संस्था उभी केली. १९९७मध्ये हेच औषध प्रतिबंधासाठीही मंजूर झालं, म्हणजे पिवळ्या पट्ट्यातल्या बायकांनाही वाट खुली. त्याच वर्षी वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्यात ही तपासणी बसवणारा कायदा अमेरिकेत झाला.

एवढं ऐकून “सगळा कंपन्यांचा खेळ आहे” असं कुणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. ज्यांचा मणका आधीच दबलेला होता अशा २,००० हून अधिक स्त्रियांवरचा अभ्यास १९९६ साली आला. त्यात या औषधाने मणक्याची आणि खुब्याची मोडणी जवळजवळ निम्म्यावर आणली. दोन वर्षांनी मणका न दबलेल्यांवर अभ्यास झाला. तिथे उणे २.५च्या खाली असलेल्यांना स्पष्ट फायदा दिसला, वरच्यांना दिसला नाही. म्हणजे मोजणीसाठी मारलेली रेघ औषधाच्या बाबतीतही बऱ्यापैकी कामी आली. ताणली गेली ती पिवळ्या पट्ट्यात.

दुसरीकडे उलटाही घोटाळा आहे, आणि आमच्या मते तो जास्त महाग पडतो. हाड मोडलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींचा टी-स्कोअर उणे २.५च्या वरच असतो, कारण मधल्या पट्ट्यात माणसंच जास्त असतात. उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं, उंची दोन-तीन सेंटिमीटरने कमी झाली, कित्येक महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता: हे सगळं त्या ठिपक्यात येत नाही. म्हणून २००८ साली त्याच कॅनिस यांच्या शेफील्डच्या गटाने फ्रॅक्स नावाचं गणित आणलं. वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, धूम्रपान वगैरे धरून पुढच्या १० वर्षांतला धोका टक्क्यांत निघतो. घनता माहीत नसली तरी निघतो, आणि त्यात भारताचाही पर्याय आहे. रेघ मारणाऱ्यांनीच रेघ पुरेशी नाही हे मान्य केलं, याचं आम्हाला कौतुक वाटतं.

आता आपल्याकडे येऊ. डेक्सा घनता मोजतं असं आपण म्हणतो, पण ते सावलीचं माप आहे: दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम. एकाच मिश्रणाच्या दोन वड्या घ्या, एक पातळ, एक जाड. वरून पाहून दर चौरस सेंटिमीटरचं वजन काढलं तर जाड वडी ‘घट्ट’ ठरेल. वडी तीच आहे. लहान चणीच्या बाईचं हाड लहान, म्हणून तिचा आकडा आहे त्यापेक्षा वाईट दिसू शकतो. तिची तुलना गोऱ्या स्त्रियांशी असेल तर आणखीनच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१०मध्ये भारतीय स्त्रीपुरुषांचे संदर्भ आकडे प्रसिद्ध केले. आपल्या रिपोर्टवर तुलना कोणत्या लोकसमूहाशी केली आहे ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते वाचा, नाही कळलं तर विचारा.

पाळी चालू असलेल्या बाईने आणि ५०च्या आतल्या पुरुषाने टी-स्कोअर बघायचाच नाही, झेड-स्कोअर बघायचा. तो आपल्याच वयाच्या माणसांशी तुलना करतो. तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर कारण शोधावं लागतं.

औषधाच्या दुकानाबाहेर किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत शिबिर लागतं, तिथे टाच एका छोट्या यंत्रात ठेवायला सांगतात. ते बहुतेक वेळा अल्ट्रासाउंड असतं. रोमची रेघ त्याला लागू नाही. त्यावर ‘ऑस्टिओपोरोसिस’ छापून आलं म्हणून लगेच गोळ्या सुरू करू नयेत. फार तर डेक्सा करावा की नाही, एवढं डॉक्टरांना विचारावं.

जाताना कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवा, कारण न विरघळलेली गोळी मणक्यासमोर आली तर हाडात मोजली जाते. नुकतंच बेरियम किंवा कॉन्ट्रास्ट दिलेलं असेल तर काही दिवस थांबा. साठीनंतर मणक्यांभोवती वाढलेलं हाड, दबलेला मणका, महारोहिणीतलं कॅल्शियम, हे सगळं आकडा फुगवतं. म्हणून कण्याचा आकडा छान आणि खुब्याचा वाईट असेल तर खुब्यावर जास्त भरवसा ठेवतात.

राहिला प्रश्न दर वर्षी करायचा का. २०१२ साली ६७च्या पुढच्या जवळपास ५,००० अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची घनता चांगली किंवा जराशीच कमी होती, त्यांच्यातल्या १० टक्के जणी ऑस्टिओपोरोसिसपर्यंत पोचायला सुमारे १७ वर्षं लागली. मधल्या पट्ट्यात ५ वर्षं, अगदी रेषेजवळ असलेल्यांना १ वर्ष. तेव्हा पुढची तारीख पहिल्या आकड्यावर आणि औषध चालू आहे की नाही यावर ठरते. पुढच्या वेळी यंत्र शक्यतो तेच हवं, कारण दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे जुळत नाहीत, आणि दोन-तीन टक्क्यांचा फरक बऱ्याचदा मोजणीतलाच असतो. जुना रिपोर्ट बरोबर न्या, नुसता आकडा सांगू नका.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ या.