औषध कुणाच्या हातानं?

साथीचा इतिहास उघडला की डॉक्टर सापडतो, साहेब सापडतो, कायदा सापडतो. पुडी बांधणारा, मिक्श्चरच्या बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवणारा कंपाउंडर सापडत नाही. पण दोस्तहो, औषध कुणाच्या हातानं येतं यावरच आपलं जगणं-मरणं ठरत आलंय.

१८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग फुटला. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिननं लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच साली पुण्याबाहेर ससाण्याच्या मळ्यात डॉ. यशवंत फुल्यांनी दवाखाना मांडला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं गायकवाडांचं पोर तापानं फणफणलेलं. सावित्रीबाईंनी ते पाठीवर घेतलं, दवाखान्यात आणलं. १० मार्चला प्लेगानंच बाई गेल्या. ज्याची सावली चालत नव्हती त्याचं अंग बाईंनी पाठीला लावलं. औषध तिथून सुरू झालं.

१९१८ ला इन्फ्लुएंझा आला. त्याच्यावर औषधच नव्हतं. मुंबईत युरोपियन मेले हजारी ८.३. खालच्या म्हणवलेल्या जातींचे मेले हजारी ६१.६. रोग एकच, हवा एकच. खोल्या एक नव्हत्या, पोटं एक नव्हती.

१९२९ चं काठेवाडातलं प्रकरण बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. अस्पृश्य शाळामास्तराची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टरनं थर्मामीटर मुसलमानाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. परत येतानाही तीच वाट. न्युमोनिया आहे म्हणाला, औषध पाठवलं, पुन्हा यायला मात्र नाही म्हणाला. बाई मेली. औषध होतं. हात नव्हता.

१९४८ ला फार्मसी कायदा झाला. औषध देणं हे शिकलेल्या, नोंदणी झालेल्या माणसाचं काम ठरलं. २०१५ च्या नियमांत रोग्याला नीट समजावून सांगणं हेही त्याचं काम म्हणून लिहिलं गेलं. कागद झाला. पण कागद काउंटरवर उभा राहत नाही, माणूस राहतो.

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला. लातूरची आमची दाळमिल बंद. मी मुरुडला आलो. सगळी शटरं खाली, मेडिकलचं तेवढं वर. माय साखरेची पेशंट. दुकानातल्या पोरानं गोळ्या दिल्या आन् विचारलं, "मावशी, जेवणाआधी घेता का मागून?" मायला वाचता येत नाही. त्यानं पाकिटावर सकाळचा सूर्य आन् रात्रीची चांदणी काढून दिली. दुसऱ्या एका दुकानात माझ्या बानं हात पुढं केला, तर गोळ्या वरून टाकल्या. "अंतर ठेवा" म्हणाला. बा हसला. म्हणला, "लेकरा, ह्या अंतराचा सराव आम्हाला लई जुना हाय."

एका गावात दोन दुकानं. साथ एक, कायदा एक. फरक फक्त हाताचा.

पुढच्या साथीचा इतिहास लिहिताना मेलेले मोजाच. त्या सूर्य-चांदणी काढणाऱ्या पोराचीही नोंद घ्या. आन् काउंटरवर उभं राहिल्यावर भिऊ नका. विचारा, ही गोळी कशाची, किती, कधी? ते दान नाही. आपला हक्क हाय.