मांडवीकाठचा आदिलशहाचा वाडा

पणजीला मांडवीच्या काठाकाठाने जाणाऱ्या रस्त्यावर उतरत्या कौलांची एक लांबलचक वास्तू उभी आहे. गोमंतकातील माणसे तिला जुने सचिवालय म्हणून ओळखतात. पोर्तुगीज कागदपत्रांत तिचे नाव ‘इदालकाँवचा वाडा’ असे आहे. हा इदालकाँव म्हणजे दुसरा तिसरा कोणी नसून आदिलखान होय. ज्याचे राज्य हिरावून घेतले, त्याचे नाव साडेचारशे वर्षांत काही पुसता आले नाही!

विजापूरच्या युसुफ आदिलशहाने १५०० च्या सुमारास हा वाडा बांधला, तो केवळ नदीवरचा वारा खाण्यासाठी नव्हे. समुद्रातून मांडवीत शिरणारे प्रत्येक गलबत येथून तोफेच्या माऱ्यात येत असे. १५१० च्या पावसाळ्यात याचा प्रत्यय आल्बुकर्कला चांगलाच आला. मार्चमध्ये जिंकलेले गोवे आदिलशाही फौजेने मे महिन्यात परत घेतले. पावसामुळे नदीचे मुख ओलांडून समुद्रात जाता येईना, आणि किनाऱ्यावरून तोफांचा मारा चाललेला. अखेर त्याने याच कोटावर छापा घातला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला गोवे कायमचे पोर्तुगीजांच्या हाती गेले.

पुढे साथीच्या रोगांनी जुने गोवे ओस पडू लागले आणि १७५९ साली व्हाइसरॉय या वाड्यात राहावयास आला. पाठोपाठ कचेऱ्या आल्या आणि १८४३ साली पणजी ही राजधानी ठरली. मासेमारांच्या वस्तीचे शहर झाले, त्याचे बरेचसे श्रेय या एका घराकडे जाते. १९१८ साली गव्हर्नर काबोच्या वाड्यात गेला. दप्तर मात्र येथेच राहिले.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. दरवाजावरील पोर्तुगीज राजचिन्हाच्या जागी अशोकचक्र आले आणि ९ जानेवारी १९६४ रोजी येथे गोवा, दमण व दीव यांच्या विधानसभेची पहिली बैठक भरली. मुख्यमंत्री होते दयानंद बांदोडकर. महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे, या प्रश्नाने त्या सभागृहाची पहिली वर्षे व्यापली. १९६७ च्या जानेवारीत जनतेने मतदानाने वेगळे राहण्याचा कौल दिला. राजभाषेचा कायदाही १९८७ साली येथेच संमत झाला. गोमंतकातील कोकणी आणि मराठी अशा दोन्ही अभिमानांना या भिंतींनी जवळून ऐकले आहे.

२००० साली विधानसभा नदीपलीकडे पर्वरीला गेली. सत्ता उठून गेलेल्या घराची अवस्था मोठी कठीण असते. लाकडी तक्तपोशी, कौले, खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस. अशा घराला वापर नसणे हाच रोग. दुरुस्ती झाली, दालने प्रदर्शनांसाठी खुली करण्यात आली. राज्य वस्तुसंग्रहालयाला काही काळ येथे आसरा मिळाला; २०१६ साली सुरू झालेल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाची चित्रे येथे मांडली गेली. पुन्हा एखादी कचेरी थाटण्यापेक्षा हे शतपटीने बरे. तथापि उत्सवापुरते उघडून एरवी कुलपात राहणारे घर वाळवीपासून वाचत नाही. सुलतान, व्हाइसरॉय आणि मंत्री यांच्या काळात सामान्य गोमंतकीय या दारात अर्ज घेऊन ताटकळत उभा राही. तो प्रथमच येथे काही काम नसताना, सहज म्हणून, आत आला.