मनगटातली ‘चमक’: मल्लखांब ते कातळ

आजच्या भागात मनगटाच्या दुखण्याचा इतिहास. विषय ऐकून हसू येईल, पण क्लाइंबिंग करणाऱ्यांना येणार नाही.

मी मूळचा नांदेडचा, बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. पाच दिवस कीबोर्ड, शनिवार-रविवार कातळ. गेले सात महिने उजवं मनगट करंगळीच्या बाजूनं दुखत होतं. घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं: “चमक भरली असंल, चोळून घे.” लातूरची मावशी तर म्हणाली, “इकडं ये, आमच्याकडं हाडवैद्य हाय. एक झटका दिला की मोकळं.” दोघांनाही माझी काळजीच. पण ‘चमक’ हा एक शब्द किती वेगवेगळ्या दुखण्यांना पुरवला जातो, ते बघू.

सुरुवात आपल्या शेजारूनच करू. नांदेड-लातूरला लागून बीदर जिल्हा, आणि त्यातलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वरानं १२व्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मल्लांच्या खांबावरच्या व्यायामाचा सर्वात जुना उल्लेख म्हणून याच ग्रंथाचं नाव घेतात. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. आख्यायिका अशी, की निजामाचे दोन पैलवान आव्हान घेऊन पुण्यात आले आणि त्यातून हे सगळं घडलं. नांदेड-लातूर तेव्हा निजामाकडं, म्हणजे या गोष्टीत आपण समोरच्या पार्टीत!

मल्लखांबात मला महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. खांबाला एरंडेल चोळतात. नुसत्या पंजानं धरून तिथं भागत नाही. दंड, मांड्या, पाय सगळं वापरावं लागतं. भार वाटला जातो. शिवाय पोरगं लहानपणी येतं, आधी साध्या पकडी आणि चढणं शिकतं, अवघड प्रकार नंतर.

आता आपलं बघा. खेळ म्हणून रॉक क्लाइंबिंगची सुरुवात साधारणपणे इंग्लंडमध्ये १८८६ साली हॅस्केट स्मिथ नेप्स नीडल हा सुळका एकटा चढला तिथून धरतात. आपल्याकडं मुंबईची ‘गिरिविहार’ संस्था १९५४ची. त्यांच्याच पुढाकारानं २०१६ आणि २०१७मध्ये बोल्डरिंगचा वर्ल्ड कप नवी मुंबईत झाला. असं काही बघून आमच्यासारखी नोकरदार पोरं पंचविशीत वॉलवर जायला लागली. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात. लिगामेंट आणि टेंडनला महिने लागतात. दंडात जोर येतो, मनगट मागेच राहतं. खालून उलट्या पंजानं धरायची पकड असो की गोलसर कातळावर तळवा दाबून तोल सांभाळणं, भार नेमका तिथंच येतो.

डॉक्टरांनाही हे मनगट उलगडायला बराच वेळ लागला. इटलीच्या रामाझिनीनं १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. १७१३च्या आवृत्तीत त्यानं लेखनिकांचे दुखणारे हातही घेतले. आम्हा कीबोर्डवाल्यांचे पूर्वजच ते. १८९५ साल तर डबल धमाका: स्वित्झर्लंडच्या द कर्व्हेन यांनी अंगठ्याच्या मुळाशी टेंडन अडकून होणारं दुखणं मांडलं आणि त्याच वर्षी रॉन्टगेनना एक्स-रे सापडले. मनगटातली आठ लहान हाडं जिवंत माणसात पहिल्यांदा दिसायला लागली. १९१०मध्ये व्हिएन्नाच्या कीनबॉक यांनी त्यातलं ल्युनेट हे हाड मऊ पडून खचतं, ते दाखवलं. आणि करंगळीच्या बाजूला कूर्चा आणि लिगामेंटची जी गादी असते, तिला ‘टीएफसीसी’ हे नाव पामर आणि वर्नर यांनी दिलं ते थेट १९८१ साली!

म्हणजे आज्जीच्या तरुणपणी ‘चमक’ म्हणण्यावाचून इलाज नव्हता. आज आहे.

सगळ्यात फसवं असतं ते अंगठ्याच्या मुळाशी, खळग्यात दुखणं. हातावर पडल्यावर तिथलं स्कॅफॉइड मोडलेलं असू शकतं आणि पहिल्या एक्स-रेत ते दिसेलच असं नाही. या हाडाला रक्त उलट्या दिशेनं, बोटांकडच्या टोकाकडून येतं. मधेच मोडलं तर अलीकडचा तुकडा मरू शकतो. अशा हाताला झटका दिला, तर आयुष्यभराचं दुखणं. जुन्या हाडवैद्यांच्या हातात कला असेल, मी नाकारत नाही. पण बोटांना आतलं दिसत नाही. दुखणं राहिलं तर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे, किंवा एमआरआय.

करंगळीकडं दुखत असेल, कपडा पिळताना किंवा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठताना कळ येत असेल, तर टीएफसीसीचा संशय घ्यायचा. माझ्या दुखण्याचं नाव हेच, १९८१चं निघालं. डॉक्टरांनी सहा आठवडे पट्टा आणि क्लाइंबिंग बंद सांगितलं. नंतर हलक्या व्यायामानं हळूहळू वाढवायचं. मावशीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “मंग झटका नको?” म्हटलं, नको.

तर मंडळी, दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही, तर ‘चमक’ म्हणून सोडू नका. हाडांच्या डॉक्टरला बोट ठेवून नेमकी जागा दाखवा. भेटू पुढच्या भागात.