‘हे’ म्हणजे नक्की कोण?

नवऱ्याचं नाव उच्चारलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही समजूत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या घट्ट होती. दिवसभर ज्याच्याविषयी बोलावं लागे, नेमकं त्याचंच नाव बाईला वर्ज्य. मग ‘हे’, ‘अहो’, ‘इकडून’, ‘तिकडची स्वारी’, ‘बाळूचे बाबा’ असे शब्द कामाला लागले. पंचाईत अशी, की मराठी माणूस ऐनवेळी न आठवणाऱ्या प्रत्येक वस्तूलाही ‘हे’च म्हणतो.

‘ह्यांना ते हे दे गं, नाहीतर हे व्हायचं,’ असं सासूबाई माजघरातून म्हणाल्या, की नव्या सुनेची त्रेधा उडे. पहिले ‘हे’ म्हणजे मामंजी, एवढं ठीक. दुसरं ‘हे’ अडकित्ता की औषधाची पुडी? तिसरं ‘हे’ म्हणजे खोकला की संताप? सगळं आवाजावरून आणि वेळेवरून ताडायचं. पंचा हवा असताना पगडी नेऊन देणाऱ्या सुना काही वेंधळ्या नव्हत्या. घरातल्या ‘हे’ची ओळख व्हायला वेळ लागे, इतकंच.

‘इकडून चहा घेणं झालं का?’ या प्रश्नात कर्ता नाही, नाव नाही, सर्वनामही नाही. आहे ती फक्त दिशा. ज्याला कळायचं त्याला कळे. तिथे बसलेला तिऱ्हाईत मात्र खिडकीकडे बघत राही. आदरार्थी अनेकवचनाने घोळ आणखी वाढे. ‘ते बाहेर गेलेत’ म्हटल्यावर एक माणूस गेला की घरातले सगळेच, हे दारातल्या पाहुण्याला उमगत नसे.

पुरुषही मागे नव्हते. बायकोला ‘मंडळी’, ‘कुटुंब’ म्हणायची रीत होती. ‘मंडळी माहेरी गेलीय,’ असं ऐकून परक्याला वाटे, अख्खं बिऱ्हाडच गावाला गेलं!

लिहिताना तर आवाज आणि हावभाव यांचाही आधार नसतो. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाईंनी १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध केल्या, त्यात नवऱ्यासाठी त्यांनी ‘स्वतः’ हा शब्द वापरला. आजचा वाचक पहिल्या काही पानांवर अडखळतो: हे स्वतः म्हणजे लेखिका की न्यायमूर्ती? लक्ष्मीबाई टिळकांनी वेगळी वाट धरली. १९३४ पासून भागाभागाने आलेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्या नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हणतात. नुसत्या आडनावाने त्यांनी केवढी मोकळीक मिळवली, हे दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचल्यावर जाणवतं.

नाव उघडपणे घ्यायची मुभा होती ती उखाण्यात, लग्नात, मंगळागौरीला किंवा डोहाळजेवणात. एरवी दवाखान्यात केसपेपर काढताना ‘नवऱ्याचं नाव?’ असं विचारलं, की बाई शेजारच्या पोराला पुढे करी. पोरगं खणखणीत आवाजात बापाचं नाव सांगे आणि अडलेली रांग पुढे सरके.

घरात या मोघमपणाने फार काही बिघडत नव्हतं, कारण ऐकणारा ओळखीचा होता. सरकारी माणूस वही-पेन घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ मधल्या पहिल्या निवडणुकीसाठी मतदारयाद्या तयार होत होत्या. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या भागांत असंख्य बायकांनी नवऱ्याचं सोडाच, स्वतःचंही नाव सांगितलं नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच ओळख त्यांनी दिली, आणि कारकुनांनी ती तशीच उतरवून घेतली. अशा नोंदी चालणार नाहीत, असं मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी बजावलं. बिहारमध्ये नावं मिळवण्यासाठी महिनाभराची मुदत वाढवून दिली. तरीही देशभरात सुमारे २८ लाख बायकांना यादीतून वगळावं लागलं.

त्यावरून गदारोळ उठला. सेन यांना तो इष्टच वाटला: या ओरडीमुळे पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका आपलं नाव सांगू लागतील, अशी त्यांची अपेक्षा होती.