ओवीचें यमक

संस्कृत काव्याचें यमकावांचून कधीं अडलें नाहीं. अनुष्टुभ् असो वा पृथ्वी, लघुगुरूंचा नेमलेला क्रमच तेथें कानाला पुरेसा होतो. मराठी कविता मात्र आरंभापासून यमकाचा हात धरून चालत आली आहे. संस्कृताच्या छायेंत वाढलेल्या भाषेनें ही निराळी वाट कां धरावी?

याचें उत्तर पुष्कळ अंशीं उखळा-जात्यापाशीं सांपडतें. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या, इ. स. ११२९ च्या सुमाराच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असा उल्लेख आहे. त्या स्त्रियांपाशीं पोथी नव्हती. चालत्या हातांतून लय मिळे आणि पुढील चरणाची आठवण यमक करून देई. याच छंदाला शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरांनीं गीतार्थाच्या सिंहासनावर बसविलें. त्यांच्या ओवींत पहिल्या तीन चरणांना एकच यमक असतें. चौथा चरण आंखूड आणि मोकळा.

अभंगाची घडण याच कुळांतली. मोठ्या अभंगांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरें येतात. दुसरा व तिसरा चरण यमकानें जुळतात. लघुगुरु मोजण्याचें कारण नाहीं, कारण गातांना अक्षर हवें तसें लांबवितां येतें. छंदःशास्त्राचा उंबरठा असा सखल झाल्यामुळेंच नामदेव शिंपी, सांवता माळी, दासी जनी आणि गांवकुसाबाहेरचा चोखामेळा हे कवि होऊं शकले. छंदाच्या सोपेपणानें समाजाचें एक बंद दार उघडलें, हें विसरून चालणार नाहीं.

पंडित कवींनाहि या लोकांच्या कानाचा मान राखावा लागला. मोरोपंतांची (१७२९–१७९४) आर्या बहुधा गीति असते. बारा व अठरा मात्रांचें तिचें माप संस्कृताचें. पण चरणान्तींचें यमक मराठी वळणाचें.

पुढें छापखान्यामुळें कविता कानाकडून डोळ्यांकडे गेली. पाठांतराची निकड संपली, तसें यमकाचें बंधनहि सैल झालें. माधव जूलियन यांनीं 'छंदोरचना' ग्रंथांत मराठी छंदांचें शास्त्र बांधलें. त्याच पिढींत कवि अनिल यांनीं मुक्तछंद रूढ केला, आणि त्यांचें 'भग्नमूर्ति' १९४० सालीं प्रसिद्ध झालें. यमक सुटलें, तरी लय सुटली नाहीं.

इकडे पिठाची गिरणी आली आणि जातें अडगळींत पडलें. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनीं सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. कोणत्याहि पोथींत न लिहिलेलें एवढें धन बायकांच्या मुखीं टिकून राहिलें, तें लय आणि यमक यांच्याच आधारानें. यमकाला केवळ अलंकार म्हणणाऱ्यांनीं या ओव्यांकडे एकवार पाहावें.