ध्रुपद : एका शब्दाचे दोन संसार

तुकोबांच्या आत्मचरित्रपर अभंगांत एक उल्लेख येतो. आरंभी आपल्याला कीर्तनाचा अभ्यास नव्हता, संतांची काही वचने आपण पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले, असे ते सांगतात. मराठी वाचकाला येथे क्षणभरही अडखळावे लागत नाही. मात्र उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या परिभाषेत वाढलेल्या वाचकाला याच शब्दातून वेगळेच काही ऐकू येते : ग्वाल्हेरचा दरबार, पखवाज, संथ आलाप आणि एका भारदस्त गायनप्रकाराची साधना. देहूचा वाणी ध्रुपद गात होता की काय, असा प्रश्न त्याला पडला तर तो सर्वस्वी त्याचा दोष म्हणता येणार नाही. शब्द एकच आहे. त्याने दोन संसार थाटले आणि कोशकारांनी बहुधा त्यांची नोंद एकाखाली एक क्रमांक घालून केली. हे क्रमांक मुळात कसे पडले, हे पाहणे तौलनिक अभ्यासकाला अगत्याचे आहे.

दोन्हींचे मूळ ‘ध्रुव’ म्हणजे स्थिर, अढळ. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘ध्रुवा’ हे नाट्यप्रयोगातील गीतांचे नाव आहे. पात्राचा प्रवेश, निष्क्रमण, भावाचे वळण अशा प्रसंगांनुसार त्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि ही गीते मुख्यतः प्राकृतात असत. या टप्प्यावर ‘ध्रुवा’ हे अखंड गीत आहे. आवर्तनाची कल्पना तिच्यात अभिप्रेत नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला, तेव्हा चित्र पालटलेले दिसते. प्रबंधाचे उद्ग्राह, मेलापक, ध्रुव आणि आभोग असे चार धातू, म्हणजे घटक, तो सांगतो. यांपैकी मेलापक आणि आभोग गाळता येतात, ध्रुव गाळता येत नाही. म्हणूनच तो ध्रुव. पण याच ग्रंथात सालगसूड प्रबंधांच्या वर्गात ‘ध्रुव’ नावाचा एक स्वतंत्र प्रबंधही आहे आणि त्याचे सोळा भेद दिले आहेत. म्हणजे एकाच ग्रंथकाराच्या हाताखाली एकच शब्द गीताच्या अवयवाचे नाव आहे आणि गीतप्रकाराचेही. ही फूट उत्तर आणि दक्षिण, किंवा दरबार आणि लोक, अशा सोप्या विभागणीतून झालेली नाही, हे येथेच स्पष्ट होते. ती शब्दाच्या पोटातच होती. पुढे प्रदेशांनी आपापला वाटा उचलला.

अवयवाचा अर्थ पूर्वेकडे किती जुना आहे, याची साक्ष चर्यापदे देतात. हरप्रसाद शास्त्रींना 1907 मध्ये नेपाळच्या दरबार ग्रंथालयात मिळालेल्या आणि 1916 मध्ये प्रकाशित झालेल्या या गीतांच्या माथ्यावर रागाचे नाव आहे, द्विपदींच्या शेवटी ‘ध्रु’ ही खूण आहे, आणि मुनिदत्ताची संस्कृत टीका दुसऱ्या द्विपदीला ‘ध्रुवपद’ म्हणते. तुकोबांची छापील गाथा उघडावी : पहिल्या चरणयुग्मावर 1 हा आकडा, दुसऱ्यावर ‘ध्रु.’, आणि मग 2. सिद्धांची गीते आणि वारकऱ्यांचा अभंग यांच्यात थेट वंशपरंपरा जुळवण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. पण गीत लिहून ठेवण्याची एक समान रीत पूर्वेपासून दख्खनपर्यंत पसरली होती, एवढे म्हणण्यास हा पुरावा पुरेसा आहे. 1604 मध्ये संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात याच जागी ‘रहाउ’ हा शब्द येतो. तोही थांबण्याचा, ठरण्याचा वाचक आहे.

प्रकाराचा अर्थ ग्वाल्हेरला दृढ झाला. राजा मानसिंह तोमर (राज्यकाल 1486–1516) आणि त्याच्या पदरचे नायक यांच्याशी देशभाषेतील ध्रुपदाचा उत्कर्ष जोडला जातो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त देशी गीतांची प्रदेशवार यादी देतो. त्यात आग्रा-ग्वाल्हेरकडे ध्रुपद आहे, आणि तेलंगण-कर्नाटकाच्या भाषांतील गीतांना ‘ध्रुव’ म्हणतात, असेही आहे. दोन्ही नावे एका यादीत शेजारी असूनही एकमेकांना ओळखत नाहीत. पुढे शाहजहानच्या काळात नायक बख्शूची सुमारे हजार ध्रुपदे संकलित झाली. प्रेमलता शर्मा यांनी ‘सहसरस’ या नावाने ती 1972 मध्ये संपादित केली. या संकलनाने ध्रुपदाला कर्त्याचे नाव आणि संहिता यांचा भक्कम आधार दिला. आणखी एक गोष्ट घडली. अवयवाचे नाव सबंध रचनेला गेल्यावर अवयवाला नवे नाव हवे झाले. ती जागा ‘स्थायी’ने घेतली. अर्थ तोच : स्थिर. गवयांच्या तोंडी त्याचे ‘अस्थाई’ व्हावे, म्हणजे अढळाचे तात्पुरते व्हावे, हा भाषेचा खट्याळपणा.

दक्षिणेतील ‘पल्लवी’चा प्रवास याच वळणाचा आहे. कृतीच्या प्रारंभीचा हा आवर्ती भाग. पण रागम्-तानम्-पल्लवी या प्रकारात एका ओळीवर सारा विस्तार उभा राहतो आणि अवयवच मैफलीचे शिखर होतो.

मराठीने अवयवाचा अर्थ जपला आणि त्याला माणसे जोडली. वारकरी कीर्तनात धृपद कोणीतरी ‘धरते’. ‘धृपद’ हे लेखन व्युत्पत्तीला धरून नाही, ‘ध्रु’च शुद्ध, तरीही ‘धृ’ म्हणजे धरणे या धातूची छाया त्या चुकीच्या लेखनावर पडलेली आहे आणि मला ती चूक पुसावीशी वाटत नाही. परंपरा सांगते त्या चौदा टाळकऱ्यांत संताजी जगनाडे होते, आणि अभंग लिहून घेणारे म्हणूनही त्यांचेच नाव येते. मागे उभे राहून ओळ धरणे आणि संहिता टिकवणे ही दोन कामे परंपरेने एकाच व्यक्तीकडे द्यावीत, ही गोष्ट लक्षणीय आहे. धृपद येथे बहुतांचे आहे. पुढचा गाणारा बदलला तरी चालते. तुकोबांचा विनय नेमका या जागेत आहे. अनुवादकाने येथे गायनप्रकाराचे नाव ठेवले तर साधक कलावंत होतो आणि अभंगाचा कणाच मोडतो.

स्थैर्याची दुसरी बाजूही भाषांनी ओळखली. मराठीत धृपदाचाच भाऊ असलेले ‘पालुपद’ आज बहुधा तक्रारीच्या सुरात येते : तेच ते पुन्हा उगाळणे. बंगालीत ‘ध्रुव’पासून आलेला ‘धुया’ गीताचा आवर्ती भाग आहे, आणि ‘धुया तोला’ म्हणजे एखादी सबब किंवा हाकाटी पुनःपुन्हा उठवणे. हिंदीत मात्र ‘टेक’ हा आधारही आहे आणि निर्धारही; गुजरातीत तर ‘टेक’ पाळली जाते, जसे व्रत पाळावे.

त्याच बंगालीत ‘ध्रुपदी’ या विशेषणाने उलट दिशा धरली. गायनप्रकाराच्या प्रतिष्ठेवरून ते साहित्याला लागले आणि आपण ज्याला ‘अभिजात’ म्हणतो त्याचे वाचक झाले. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, बंगाली, असमिया, पाली आणि प्राकृत यांना एकत्रच हा दर्जा मंजूर केला, तेव्हा मराठी भाषा ‘अभिजात’ झाली आणि बंगाली ‘ध्रुपदी’. ‘अभिजात’मध्ये कुळ आहे, ‘ध्रुपदी’मध्ये गाणे आहे. मराठीत ‘ध्रुपदी भाषा’ असा प्रयोग कोणी केला असता, तर वारीच्या वाटेवरच्या श्रोत्याला तो टाळकऱ्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या भाषेविषयी वाटला असता.

संपादनाचा एक प्रश्न उरतो. निवडक संग्रहांत, पाठ्यपुस्तकांत आणि बहुतेक भाषांतरांत ‘ध्रु.’ ही खूण गळते आणि कडवी 1, 2, 3 अशी सरळ मांडली जातात. मग वाचक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालत जातो. गीताची रचना मात्र दुसऱ्या चरणाकडे वारंवार परतण्याची आहे, आणि प्रत्येक परतीत त्या चरणाला आधीच्या कडव्याचा नवा संदर्भ मिळतो. जयदेवाची अष्टपदी ध्रुवपदाशिवाय छापली तर ती अपुरी वाटते. अभंगाच्या बाबतीत आपल्याला अजून तसे वाटत नाही.