फिकट वेष्टन, जहाल भरण

* ‘रंगाने गव्हाळ, पण घशाला झोंबणारा’ : सिगारचा रंग पाहून कथेतील पाहुणा फसतो, ते साहजिकच आहे. कडकपणा मुख्यतः आतल्या भरणाच्या पानांवर ठरतो. रोपाच्या शेंड्याकडची ‘लिहेरो’ पाने भरपूर ऊन खाऊन जाड, तेलकट आणि निकोटिनयुक्त होतात. ती सावकाश जळतात, म्हणून वळताना मधोमध घालतात. निकाराग्वातील एस्तेलीची अशी पाने विशेष नावाजलेली आहेत. फिकट वेष्टनाचे पान मात्र सावलीत वाढते. अमेरिकेत कनेटिकट नदीच्या खोऱ्यात १९०० च्या सुमारास कापडी मांडवाखाली ही लागवड सुरू झाली. एक्वाडोरमध्ये मांडवाचे काम ढगच करतात. सावलीतले पान पातळ, नितळ व बारीक शिरांचे राहते. त्याची साय-बदामासारखी चव आधी लागते, भरणाची मिरीसारखी झणझण मागून येते. या जोडीतच अशा सिगारची गंमत आहे.

सिगार निवडताना तो बोटांनी हलकेच दाबून पाहतात. मध्येच गाठ किंवा पोकळी लागता कामा नये, आणि नाजूक वेष्टनाला चीर नसावी. साठवणीत सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के राखतात. साधारण मिनिटाला एक झुरका पुरे; घाई केली की सिगार तापून कडवटतो. धूर गिळायचा नसतो, तरी तोंडाच्या अस्तरातून निकोटिन रक्तात उतरतेच. कथेतील पाहुण्याला उपाशीपोटी आलेली भोवळ त्यामुळेच. आणि झुरका न गिळल्याने तंबाखूचा धोकाही टळत नाही.
—संपादक